'लक्ष नाही' म्हणजे नेमकं काय? एडीएचडीवर संशोधन करणारे मेंदूशास्त्रज्ञ काय करतात आणि ठाणे-डोंबिवलीतून तिथवर कसं पोहोचता येतं

'अभ्यासात लक्ष देत नाही. जागेवर बसत नाही. हुशार आहे, पण वेंधळा आहे.'

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमधल्या एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर असा शेरा दोन-तीनदा आला की घरात शोध सुरू होतो. आधी क्लास बदलला जातो, मग मोबाइल काढून घेतला जातो. नातेवाइकांपैकी कुणी तरी समुपदेशकाचं नाव सुचवतं. समुपदेशक बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात आणि तिथे 'एडीएचडी' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो. अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे अवधान कमी पडणं आणि अतिचंचलता यांच्याशी जोडलेला विकार.

या साखळीत एक माणूस कुठेच दिसत नाही. क्लिनिकमध्ये भरून घेतली जाणारी प्रश्नावली, तपासणीतली कॉम्प्युटरवरची कंटाळवाणी चाचणी, लिहून दिलेली गोळी, या सगळ्यांच्या मागे त्याचं किंवा तिचं काम असतं. पण हा माणूस बहुतेक वेळा दूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत उंदरांची वजनं करत असतो. तो म्हणजे वर्तन-मेंदूशास्त्रज्ञ, इंग्रजीतला 'बिहेव्हियरल न्यूरोसायंटिस्ट'.

डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ यांत फरक काय?

इथे बराच गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस आणि मग एमडी करतात, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून येतात, चाचण्या आणि थेरपी करतात आणि त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असावी लागते. वर्तन-मेंदूशास्त्रज्ञाकडे सहसा पीएचडी असते आणि तो कुणावरही उपचार करत नाही. मेंदूतल्या कोणत्या बदलामुळे वागण्यात कोणता बदल होतो, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

ठाण्यात यातली पहिली दोन माणसं शोधणं अवघड नाही. शहरातलं प्रादेशिक मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासूनचं आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ', म्हणजे आयपीएचमुळे मानसिक आरोग्य हा विषय इथल्या मध्यमवर्गीय घरांत मराठीतून बोलला जाऊ लागला. त्याच संस्थेची 'वेध' ही परिषद वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांना व्यासपीठावर आणते आणि त्यांची वाटचाल विद्यार्थ्यांपुढे उलगडते. तरीही बारावीनंतर 'मला मेंदूवर काम करायचंय' असं म्हणणाऱ्या मुलीला घरातून येणारा सल्ला साधारण एकच असतो. मग मेडिकलला जा.

मेडिकलचा रस्ता चुकीचा अजिबात नाही. पण या कामाला जाणारा तो एकमेव रस्ताही नाही.

'लक्ष' ही एकच गोष्ट आहे का?

संध्याकाळी कल्याण स्टेशनवर उभं राहिलं तर याचं उत्तर मिळतं. फलाटावर शेकडो माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी असतात. घोषणा एकामागून एक होत असतात आणि त्या कुणी ऐकतंय असं वाटत नाही. तेवढ्यात 'कसारा' हा शब्द येतो आणि ठरावीक माणसं एकदम मान वर करतात. कर्जतवाले तसेच उभे राहतात. म्हणजे कान सगळंच ऐकत होते. मेंदू मात्र त्यातलं कामाचं तेवढंच पुढे पाठवत होता.

हे झालं निवडक लक्ष. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये, दोन्ही कानांत वेगवेगळं बोलणं ऐकवून, याचा पद्धतशीर अभ्यास केला.

टिकून राहणारं लक्ष ही वेगळी बाब. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला एक अडचण आली. रडारच्या पडद्यावर डोळे लावून बसलेले सैनिक थोड्या वेळाने पाणबुडीच्या खुणा चुकवायला लागायचे. हे का होतं ते शोधण्याचं काम नॉर्मन मॅकवर्थ यांच्याकडे आलं. त्यांनी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा ठरावीक अंतराने एकेक पाऊल पुढे जायचा आणि क्वचित कधी तरी दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, सलग दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटायला लागल्या. ही तरुण, निरोगी, प्रशिक्षण घेतलेली माणसं होती आणि शत्रूची पाणबुडी हुकली तर काय होईल हे त्यांना चांगलं माहीत होतं. 'मनावर घेतलं की लक्ष लागतं' असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९५६ मध्ये अमेरिकेत रॉसवोल्ड आणि सहकाऱ्यांनी यातूनच पुढची चाचणी तयार केली. पडद्यावर अक्षरं येत राहतात, ठरलेलं अक्षर आलं की बटण दाबायचं. तिला 'कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट' म्हणतात. मुळात ती मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी होती. आज एडीएचडीच्या तपासणीत मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवून जे करून घेतात, ते बहुतेकदा तिचंच एखादं रूप असतं.

तिसरी बाब म्हणजे स्वतःला थांबवणं. हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, लाल लागला की हात आवरायचा. दहातले आठ दिवे हिरवे असले की हाताला सवय लागते आणि लाल दिव्यावरही बोट दाबलं जातं. शिक्षकांचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर ओरडून सांगणाऱ्या मुलाचं असंच काहीसं होत असावं.

निवडणं, टिकवणं आणि थांबवणं या तिन्हींत मेंदूचे वेगवेगळे भाग कमी-अधिक प्रमाणात काम करतात. प्रगतिपुस्तकावर मात्र तिन्हींसाठी 'लक्ष नाही' असा एकच शेरा असतो. वर्तन-मेंदूशास्त्रज्ञाच्या नोकरीतला मोठा भाग हा शेरा फोडून त्याचे तुकडे करण्यात जातो.

प्रयोगशाळेतला दिवस कसा असतो?

चित्रपटात दिसतो तसा नसतो.

या क्षेत्रात जगभर वापरली जाणारी एक पद्धत केंब्रिजमध्ये ट्रेव्हर रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. एका छोट्या पेटीची एक भिंत वाकलेली असते आणि तिच्यावर एका ओळीत पाच छिद्रं असतात. उंदीर भिंतीकडे तोंड करून थांबतो. साधारण पाच सेकंदांनी कुठल्या तरी एका छिद्रात दिवा लागतो, तोही अर्धा सेकंदच. उंदराने त्या छिद्रात नाक घातलं की मागच्या भिंतीतून खाऊची गोळी मिळते. चुकला तर पेटीत काही सेकंद अंधार होतो. एका बैठकीत अशा साधारण शंभर फेऱ्या होतात.

उंदीर तीन प्रकारे चुकतो आणि चुकीचा प्रत्येक प्रकार वेगळं काही सांगतो. दिवा लागूनही त्याने काहीच केलं नाही, तर त्याचं लक्ष निसटलं किंवा त्याला भूकच नव्हती. भलत्याच छिद्रात नाक घातलं, तर दिवा कुठे लागला ते त्याने नीट टिपलं नाही. आणि दिवा लागायच्या आधीच नाक घातलं, तर त्याला वाट पाहवली नाही, तो उतावळा झाला. मेंदूत डोपामिन किंवा नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांची पातळी बदलली की या तिन्ही चुकांचं प्रमाण एकसारखं बदलत नाही. लक्ष एका यंत्रणेवर आणि उतावळेपणा काही अंशी दुसऱ्या यंत्रणेवर चालतो, हे या क्षेत्राला अशा प्रयोगांतून उमगत गेलं.

ऐकायला हे सुटसुटीत वाटतं. पण उंदीर हा खेळ शिकायला कित्येक आठवडे घेतात. खाऊसाठी काम करावं म्हणून त्यांचं खाणं मोजून दिलं जातं. ते फार बारीक होऊ नयेत म्हणून रोज वजन करावं लागतं, रविवारी आणि गणपतीतसुद्धा. रोजची वेळ साधारण सारखी ठेवावी लागते, कारण वेळ बदलली की उंदराचं वागणं बदलतं आणि आकडे बिघडतात. भारतात असा कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी संस्थेतल्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. किती प्राणी लागतील, इतके का लागतील आणि त्यांना होणारा त्रास कमीत कमी कसा ठेवणार, हे लिहून द्यावं लागतं. अनेकांना प्राण्यांवर काम करवत नाही. ते माणसांवरच्या प्रयोगांकडे, म्हणजे एमआरआय, ईईजी, डोळ्यांच्या हालचाली टिपणारे कॅमेरे यांच्याकडे वळतात. तो याच शास्त्राचा भाग आहे, पळवाट नाही.

प्रयोग संपला की कॉम्प्युटरवरचं काम सुरू होतं. आजच्या वर्तन-मेंदूशास्त्रज्ञाचे बरेच तास प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्रात जातात. जीवशास्त्र आवडतं म्हणून गणिताला रामराम ठोकलेल्यांना हा धक्का बऱ्याचदा पीएचडीच्या पहिल्या वर्षी बसतो.

एका शोधाला किती वर्षं लागतात?

येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांचं उदाहरण घेऊ. कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, डोक्यात माहिती धरून ठेवायला आणि विचलित न व्हायला मदत करतो. आर्नस्टेन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९८५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात म्हाताऱ्या माकडांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोनिडिन या औषधाने त्या माकडांची ही क्षमता सुधारत होती. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने रक्तदाबाच्याच ग्वानफासिन या औषधावर काम मांडलं. त्याने गुंगी कमी येत होती. या औषधाचं शरीरात हळूहळू विरघळणारं रूप मुलांमधल्या एडीएचडीसाठी अमेरिकेत मंजूर झालं ते २००९ मध्ये.

पहिल्या शोधनिबंधापासून मंजुरीपर्यंत २४ वर्षं गेली. तीही अशी दुर्मीळ गोष्ट, जिथे प्रयोगशाळेतला शोध खरोखर औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचला. या क्षेत्रातल्या बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही.

एडीएचडीची सगळ्यात परिचित औषधं मात्र उलट्या वाटेने आली. आधी ती चालतात हे दिसलं, ती का चालतात हे नंतर शोधलं गेलं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करत होते. मेंदूच्या एका त्रासदायक तपासणीनंतर मुलांचं डोकं दुखायचं म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण काही मुलं शाळेचा अभ्यास भराभर करायला लागली. त्यांनी नोंदवलेल्या ३० मुलांपैकी १४ मुलांमध्ये हा बदल ठळक होता.

उत्तेजक देऊन चंचल मूल शांत कसं होतं? या कोड्यावर अनेक वर्षं असं उत्तर दिलं जायचं की या मुलांचा मेंदूच उलटा चालतो. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कसलाही विकार नसलेल्या मुलांना तसंच औषध दिलं आणि त्यांचंही लक्ष सुधारलं. 'गोळीने फरक पडला, म्हणजे एडीएचडी होताच' हा तर्क त्याच वर्षी लंगडा पडला. ठाण्या-मुंबईत तो आजही ऐकू येतो.

पुढे १९९८ मध्ये चंदन वैद्य यांनी स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांबरोबर हाच प्रश्न एमआरआयच्या नळीत नेला. मुलांना 'दाब किंवा थांब' प्रकारचा खेळ दिला, एकदा मेथिलफेनिडेट घेऊन आणि एकदा न घेता. मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल दोन्ही गटांत वाढली. आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागात मात्र चित्र वेगळं दिसलं. एडीएचडी असलेल्या मुलांत तिथली हालचाल वाढली, इतरांत ती कमी झाली. मुलांची संख्या अगदी थोडी होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानता येत नाही. पण सगळ्या मुलांच्या वागण्यात सारखाच दिसणारा बदल मेंदूत वेगवेगळ्या मार्गांनी घडू शकतो, हे त्यातून पुढे आलं.

भारतात मेथिलफेनिडेट औषधांच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि दुकानदाराला चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते.

मग मेंदूचा स्कॅन काढून एडीएचडी कळत नाही का?

नाही. या क्षेत्रात काम करणारा कुणीही प्रामाणिक माणूस हेच सांगेल. पालकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच, म्हणून हे थोडं सविस्तर.

२००७ मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. मेंदूचा बाहेरचा थर आधी जाड होत जातो, शिखर गाठतो आणि मग पातळ होऊ लागतो. सर्वसाधारण मुलांमध्ये मेंदूच्या निम्म्या बिंदूंनी हे शिखर साडेसातव्या वर्षाच्या आसपास गाठलं होतं. एडीएचडी असलेल्या मुलांत त्यासाठी साडेदहावं वर्ष उजाडलं. क्रम तोच होता, वेळ मात्र पुढे सरकलेली होती. मेंदूत काही 'बिघडलंय' असं मानणाऱ्यांसाठी ही वेगळी दृष्टी होती.

२०१७ मध्ये त्याहून मोठा अभ्यास आला. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन एडीएचडी असलेल्या १,७१३ आणि नसलेल्या १,५२९ जणांचे स्कॅन तुलनेला घेतले. मेंदूच्या आतले काही भाग एडीएचडी गटात सरासरीने लहान निघाले. पण फरक फार बारीक होता. दोन्ही गटांतल्या लोकांची मापं इतकी एकमेकांत मिसळलेली होती की एखाद्या एकट्या मुलाचा स्कॅन पाहून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. ठाण्याच्या माणसांची सरासरी उंची कल्याणच्या माणसांपेक्षा एका सेंटिमीटरने जास्त निघाली असं समजा. तेवढ्यावरून समोरचा माणूस कुठला हे कुणाला ओळखता येईल?

निदान आजही माणसाशी बोलूनच होतं. लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर व शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. शाळेत धुमाकूळ आणि घरी शांत, असं असेल तर आधी शाळेत काय चाललंय ते पाहावं लागतं. शिवाय ऐकू कमी येणं, झोप कमी होणं, घरातला ताण किंवा अध्ययन अक्षमता यांमुळेही मूल 'लक्ष देत नाही' असं वाटू शकतं.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, कल आणि एकाग्रता सांगणारी 'डीएमआयटी' नावाची चाचणी उपनगरांतल्या शाळांपर्यंत आणि क्लासेसपर्यंत पोहोचली आहे. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच तिला वैज्ञानिक आधार नसल्याची भूमिका घेतली होती. रंगीत 'ब्रेन मॅप'बद्दलही सावध राहायला हवं. ईईजीवर आधारित एका उपकरणाला अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली, पण डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून. त्या उपकरणाने मोजलेला आकडा एडीएचडी ओळखण्यासाठी एकट्याने भरवशाचा नाही, हे नंतरच्या विश्लेषणांतून दिसून आलं.

भारतातल्या मुलांबद्दल किती माहिती आहे?

कमी. या करिअरकडे वळण्याचं सगळ्यात ठोस कारण कदाचित हेच असेल.

जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज करून २००७ मध्ये मांडलेला एडीएचडीचा आकडा ५.२९ टक्के होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोइंबतूर जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांमधल्या अभ्यासात तो ११.३२ टक्के निघाला. म्हणजे तिथल्या मुलांत हा विकार दुप्पट आहे का? असं लगेच म्हणता येत नाही. प्रश्न कुणाला विचारले, शिक्षकांना की पालकांना, कोणत्या प्रश्नावलीतून आणि कोणत्या भाषेत, यावर आकडा खूप हलतो. ज्या वर्गात साठ मुलं आहेत तिथल्या शिक्षिकेला 'अतिचंचल' वाटणारं मूल वीस मुलांच्या वर्गात तसं वाटेलच असं नाही.

भाषेचा अडसर चाचण्यांतही असतो. 'स्ट्रूप' नावाची १९३५ पासूनची प्रसिद्ध चाचणी घ्या. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. ज्याला वाचन सरावाचं झालं आहे त्याची जीभ आपोआप 'लाल' म्हणते आणि स्वतःला आवरावं लागतं. ज्या मुलाला वाचायलाच कष्ट पडतात, त्याला आवरण्याचे कष्ट पडतच नाहीत. मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीत गेलेल्या मुलाला इंग्रजी शब्दांची चाचणी दिली, तर मोजलं काय जाईल, त्याचं लक्ष की त्याचं इंग्रजी?

बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये भारतीय मुलांसाठी मेंदूविषयक चाचण्यांचा संच तयार झाला. त्यावर काम करणाऱ्या भूमिका कर पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या वर्तन व संज्ञान विज्ञान केंद्रात गेल्या आणि मुलांमध्ये लक्ष व आत्मनियंत्रण कसं विकसित होतं हा त्यांचा अभ्यासाचा विषय राहिला. 'इन्क्लेन' या संशोधन जाळ्याने भारतीय भाषांतून वापरता येईल असं एडीएचडी निदानाचं साधन बनवलं. मुंबईत सायन रुग्णालयाच्या आणि पुढे केईएमच्या माध्यमातून डॉ. सुनील कारंडे यांनी अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी एकत्र असलेल्या मुलांवर सातत्याने लिहिलं. ते बालरोगतज्ज्ञ. त्यांचं काम प्रयोगशाळेतलं नाही, पण मुंबई परिसरातली खरी मुलं त्यात दिसतात.

सरकारी पातळीवर एक धागा थेट या भागाशी जोडलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची ज्या तीस आजार-दोषांसाठी तपासणी व्हावी असं या कार्यक्रमात ठरलं, त्यात एडीएचडी आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या एकवीस प्रकारांच्या यादीत मात्र तो स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीतून सुरुवात कुठून करायची?

ठाण्यात खाडीलगत विद्या प्रसारक मंडळाच्या एकाच आवारात जोशी-बेडेकर आणि बांदोडकर ही महाविद्यालयं आहेत. एकीकडे कला शाखेतलं मानसशास्त्र, दुसरीकडे विज्ञान शाखेतलं प्राणिशास्त्र. वर्तन-मेंदूशास्त्राला दोन्ही लागतं आणि आपल्याकडची पदवी दोन्ही एकत्र क्वचितच देते. कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर, कुठेही प्रवेश घेतला तरी अर्धा विषय स्वतः भरून काढायचा असतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र वाचायचं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने पेशी, रसायनं आणि थोडं प्रोग्रॅमिंग.

पदवीच्या काळात प्रयोगशाळा आतून पाहणं फार महत्त्वाचं. त्यासाठी देशातल्या विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतो. डोंबिवलीहून टीआयएफआर म्हणजे सीएसएमटीपर्यंत लोकल आणि पुढे नेव्हीनगरपर्यंत बस. इथल्या माणसाला हा प्रवास नवा नाही.

वर्तन-मेंदूशास्त्रातलं सगळ्यात जवळचं मोठं नाव याच टीआयएफआरमध्ये आहे. विदिता वैद्य यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्समधून जीवशास्त्राची पदवी घेतली, येलमधून पीएचडी केली, स्वीडन आणि ब्रिटनमध्ये काम केलं आणि २००० मध्ये टीआयएफआरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. लहानपणीच्या ताणाचा मोठेपणीच्या भावनिक वागण्यावर काय परिणाम होतो, हे त्या उंदरांमध्ये अभ्यासतात. त्यांचा विषय एडीएचडी नाही, पण पद्धत याच शास्त्राची आहे. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला.

पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी पुण्याचं आयसर, बेंगळुरूचं आयआयएससी आणि निम्हान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, हैदराबाद आणि अलाहाबादची विद्यापीठं, आयआयटी गांधीनगरचा संज्ञान विज्ञानाचा अभ्यासक्रम असे पर्याय आहेत. रस्ता सीएसआयआर-नेट, गेट किंवा संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेतून जातो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना २०२१ पासून गेटमध्येही त्यांचा विषय निवडता येतो. ठाणे जिल्ह्यात राहून हे पूर्ण करता येईल अशी संस्था मात्र नाही. घर सोडावं लागतं. मुलीने शिकायला किती दूर जायचं हा वाद इथे जुना आहे. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचा जन्म कल्याणचाच.

पैशांचं गणित आधीच मांडलेलं बरं. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ती ४२,००० होते, घरभाडं वेगळं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरायची. त्यानंतर दोन ते पाच वर्षं पोस्टडॉक, बहुतेकदा परदेशात. स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत वय तिशीच्या मध्यावर येतं आणि अशा जागा देशभरात थोड्याच निघतात. बरोबर शिकलेले मित्र तोवर घोडबंदर रोडला फ्लॅटचे हप्ते भरत असतात. पीएचडीनंतर बरेच जण औषध कंपन्यांतल्या संशोधनाकडे, डेटा सायन्सकडे, शैक्षणिक तंत्रज्ञानाकडे किंवा विज्ञान-लेखनाकडे वळतात. त्याला अपयश म्हणायची पद्धत आता विद्यापीठांतही मागे पडत चालली आहे.

आणि ज्याला मुलांना प्रत्यक्ष मदत करायची आहे, समोर बसलेल्या आईला 'काय करायचं' ते सांगायचं आहे, त्याने क्लिनिकल सायकॉलॉजी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण किंवा वैद्यकशास्त्र निवडावं. मेंदूशास्त्राची पीएचडी घेऊनही त्याला तो अधिकार मिळत नाही. हा निर्णय पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत झाला तर बरा, कारण त्यानंतर दोन्ही वाटांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या होतात.